चित्रकलेची खासगी शिकवणी: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

चित्रकलेची खासगी शिकवणी घ्यावी का, यावर आमचं मत स्पष्ट आहे. हात चालू असताना, चूक होत असतानाच ती ओळखणारे शिक्षक मिळाले तर जरूर घ्यावी. रंगांची नावं पाठ करून घेणाऱ्या, एखादी युक्ती दाखवून तासाच्या शेवटी 'छान जमलंय' म्हणणाऱ्या शिकवणीला पैसे देऊ नयेत. तेवढी माहिती पुस्तकांत आणि व्हिडिओंत भरपूर आहे. खासगी शिकवणीत पैसे मोजायचे ते आपली चूक नेमकी कुठे आहे हे ओळखून दाखवण्याचे.

चित्रातली चूक दिसते एका ठिकाणी आणि झालेली असते दुसऱ्याच. व्यक्तिचित्रात डोळा बिघडल्यासारखा वाटतो, म्हणून शिकणारा अर्धा तास डोळाच खोडत आणि काढत बसतो. प्रत्यक्षात डोक्याचा कल चुकलेला असतो. कपाळापासून हनुवटीपर्यंतचा अक्ष एका बाजूला झुकलाय आणि डोळ्यांची रेषा मात्र आडवीच राहिलीय. मग डोळा कितीही सुबक काढा, तो त्या चेहऱ्यावर बसणार नाही. शेजारी उभे असलेले शिक्षक हे एका वाक्यात सांगतात, अर्धा तास वाचतो, आणि पुढच्या वेळी कल आधी तपासायचं लक्षात राहतं.

'रंग मळकट आलाय' ही दुसरी नेहमीची तक्रार. जलरंगात त्याला किमान चार कारणं असू शकतात. अर्धवट वाळलेल्या वॉशवर (पाणीदार रंगाच्या पातळ थरावर) पुन्हा ब्रश फिरवला आणि खालचा थर उखडला. तीन-चार रंगद्रव्यं एकत्र आली आणि एकमेकांना मारून बसली. पाणी वेळेवर बदललं नाही. किंवा रंग मुळात ठीक आहे, पण शेजारच्या भागाचा टोन (म्हणजे उजळ-गडदपणाची पातळी) जवळपास तेवढाच असल्यानं तो निस्तेज भासतोय. तैलरंगात कारणं आणखी वेगळी: सावलीत पांढरा मिसळला की ती खडूसारखी फिकी पडते, ब्रश न पुसता दुसऱ्या रंगात घातला की दोन्ही रंग जातात, आणि कडा घासून घासून मऊ करत राहिलं की सगळं राखाडी होतं. पूर्ण झालेल्या चित्राच्या फोटोवरून यातलं नेमकं कारण खात्रीनं सांगता येत नाही. ब्रश कागदावर असताना जो पाहत होता त्यालाच ते कळतं.

दुरुस्तीचा क्रम पाहिला की शिक्षकांचा दर्जा चटकन कळतो. आधी मांडणी आणि प्रमाण, मग टोन, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी कडा आणि बारकावे. प्रमाण चुकलेल्या चित्रावर रंगाची चर्चा सुरू झाली तर ती वेळेची नासाडी आहे. एका बैठकीत दोनच दुरुस्त्या सांगणारे शिक्षक दहा दोष मोजून दाखवणाऱ्यांपेक्षा कितीतरी चांगले, कारण दहा गोष्टी एकदम कुणालाच हातात आणता येत नाहीत.

नव्यानं शिकणाऱ्याला पहिल्या काही बैठकांत रंग मिळत नसेल तर नाराज होऊ नये. चारकोल किंवा मऊ पेन्सिलनं सुरुवात होणं हे सुचिन्ह आहे. हात ताठ ठेवून, एक डोळा मिटून पेन्सिलवर माप घेणं, ओळंब्याच्या दोरीनं उभी रेषा तपासणं, वस्तूऐवजी तिच्याभोवतीच्या रिकाम्या जागेचा आकार काढणं, वळणदार कड आधी सरळ रेषांच्या तुकड्यांनी बांधणं: या चार सवयी लागल्या की पुढचं बरंच सोपं होतं. माप घेताना कोपर वाकला की पेन्सिल डोळ्याच्या जवळ येते आणि प्रत्येक माप वेगळं निघतं. ही चूक नवशिक्यांपैकी जवळपास सगळे करतात आणि स्वतःची स्वतःला ती दिसत नाही. शिक्षक बाजूला उभे राहून पाहत असतील तर पहिल्या दहा मिनिटांत पकडतात.

त्यानंतर टोन, आणि इथे शिक्षकांनी घाई करू नये. प्लास्टरचा पांढरा गोल किंवा घन, एकच दिवा, साधारण ४५ अंशांवरून, मागे राखाडी कापड. उजेडाचा भाग, मधला टोन, सावलीचा सर्वांत गडद पट्टा, सावलीतला परावर्तित उजेड आणि जमिनीवर पडलेली छाया, असे पाच भाग वेगळे ओळखता यायला हवेत. परावर्तित उजेड जास्त उजळ रंगवला जाणं ही इथली सार्वत्रिक चूक. तिचं कारण डोळ्यात आहे: सावलीत टक लावून पाहिलं की डोळा त्या अंधाराशी जुळवून घेतो आणि आतला उजेड आहे त्याहून जास्त भासतो. उपाय म्हणजे डोळे किलकिले करून संपूर्ण दृश्य एकदम पाहायचं. नियमही पक्का आहे: सावलीतली सर्वांत उजळ जागा उजेडातल्या सर्वांत गडद जागेपेक्षा गडदच राहिली पाहिजे. हा नियम फळ्यावर लिहून देणारे पुष्कळ भेटतील. तुमच्या गोलावरची नेमकी ती जागा दाखवून 'इथे मोडलाय' म्हणणारे शिक्षक शोधा.

पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ पायऱ्यांची टोनपट्टी करायला सांगणं हा कंटाळवाणा पण अत्यंत उपयोगी गृहपाठ आहे. ती बिघडते कारण पांढऱ्या रंगात काळा समान प्रमाणात वाढवत गेलं तरी पायऱ्या समान पडत नाहीत. पहिल्या चिमूटभर काळ्यानंच पांढरा बराच खाली उतरतो. म्हणून गडद रंग उजळ रंगात थोडा थोडा घालायचा. उलट केलं तर हवा तो टोन मिळेपर्यंत पांढऱ्याची अर्धी ट्यूब संपते.

रंग शिकवताना कोणती भाषा वापरली जाते याकडे लक्ष द्या. अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये रंगाची तीन अंगं वेगळी मांडली: छटा (लाल, पिवळा की निळा), उजळपणा आणि तीव्रता (रंग किती भडक). आजही याहून कामाची मांडणी वर्गासाठी नाही. 'जरा उबदार करा' एवढंच सांगितलं तर शिकणारा केशरी ओततो. 'छटा बरोबर आहे, तीव्रता कमी करा, उजळपणा हलवू नका' असं सांगितलं की नेमकं काय मिसळायचं याचा विचार करावा लागतो. मिसळलेला रंग पॅलेट नाइफच्या टोकावर घेऊन वस्तूच्या रेषेत धरायचा आणि एक डोळा मिटून पाहायचा, ही तपासणी प्रत्येक चांगल्या शिक्षकांच्या वर्गात दिसते. नाइफवर मात्र वस्तूवर पडतोय तसाच उजेड पडायला हवा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. शेजारच्या रंगामुळे रंग बदललेला भासतो हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ मध्ये सविस्तर मांडलं होतं. एकाच राखाडीचे दोन तुकडे एकदा काळ्यावर आणि एकदा पांढऱ्यावर ठेवून दाखवले की दोन मिनिटांत ते पटतं, आणि पांढऱ्या कॅनव्हासवरचे पहिले फटकारे नेहमी जास्त गडद का वाटतात तेही उलगडतं.

साहित्याच्या यादीवरूनही बरंच काही ओळखता येतं. चोवीस ट्यूबची यादी हातात आली तर शंका घ्या. तैलरंगाला सहा ते आठ ट्यूब पुरतात. काही शिक्षक स्वीडिश चित्रकार आंदेर्स झोर्न यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या चार रंगांपासून सुरुवात करतात: पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), लाल आणि आयव्हरी ब्लॅक. त्यात काळा निळ्याचं काम करतो आणि त्वचेचे रंग आश्चर्य वाटावं इतके चांगले येतात. झगझगीत हिरवा किंवा जांभळा त्यातून निघणार नाही, हे मात्र शिक्षकांनी आधी सांगायला हवं.

ट्यूबमागचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचायला न शिकवणारी शिकवणी आम्ही अपुरी मानतो. अल्ट्रामरीन निळा म्हणजे पीबी (पिगमेंट ब्लू) २९, फ्थॅलो निळा म्हणजे पीबी १५. पहिला लालसर बाजूला झुकलेला, म्हणून पिवळ्यात मिसळला की हिरवा मवाळ येतो. दुसऱ्यातून लखलखीत हिरवा निघतो, पण त्याची ताकद इतकी की मोहरीएवढा थेंबही चित्रभर पसरतो. नावापुढे 'ह्यू' लिहिलेलं असेल तर मूळ रंगद्रव्याच्या जागी पर्यायी द्रव्य वापरलेलं असतं. जुना ॲलिझरीन क्रिमसन हा गडद लाल, पीआर ८३, उजेडात फिका पडतो, म्हणून त्याच्याऐवजी क्विनॅक्रिडोन गटातला टिकाऊ रंग सुचवणारे शिक्षक विश्वासाचे. विद्यार्थी दर्जाच्या ट्यूबमध्ये भरणद्रव्य जास्त असतं. त्यांवर मिश्रणाची प्रमाणं शिकलेला हात चांगल्या रंगांवर आला की फसतो. कमी ट्यूब घ्या, पण बऱ्या घ्या.

जलरंगात पैसा कागदावर आधी घालायचा. चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, शंभर टक्के सुती कागद. त्याहून पातळ कागद न ताणता वापरला की पाण्यानं फुगतो, खळगे पडतात, रंग त्यांत साचतो आणि शिकणारा दोष स्वतःच्या हाताला देतो. स्वस्त लगद्याच्या कागदावर वॉश फार लवकर शोषला जातो आणि दोनदा घासलं की पृष्ठभागाचे तंतू सुटतात. असल्या कागदावर शिकवणी घेणं म्हणजे अर्धी फी कागदाशी झगडण्यात घालवणं.

जलरंगासाठी समोरासमोर बसण्याला पर्याय नाही असं आम्हाला ठामपणे वाटतं, आणि त्याचं कारण पाणी. कागद पूर्ण चमकतोय तेव्हा सोडलेला रंग मोकाट धावतो. चमक मंद झाली की मऊ, ताब्यातल्या कडा मिळतात. चमक गेली पण कागद बोटाला अजून गार लागतोय, ही सर्वांत धोक्याची वेळ: तेव्हा कागदापेक्षा जास्त ओला ब्रश टेकवला की पाणी खालचं रंगद्रव्य ढकलत बाहेर नेतं आणि दातेरी कडांचा डाग उमटतो. तो नंतर पूर्ण जात नाही. 'आता', 'थांबा', 'ब्रश एकदा फडक्याला टेकवा' हे तीन आदेश योग्य क्षणी देणारे शिक्षक असतील तर ही जाण काही बैठकांत अंगवळणी पडते. वाळल्यावर जलरंग फिका होतो आणि ॲक्रिलिक थोडा गडद होतो. दोन्ही माध्यमं एकदम शिकू पाहणाऱ्यांनी हा फरक आधीच डोक्यात ठेवावा.

आता सर्वांत वादाचा मुद्दा: शिक्षकांनी तुमच्या चित्रावर ब्रश चालवावा का? आमच्या मते नाही, जवळजवळ कधीच नाही. चित्र सुधारतं, घरी कौतुक होतं, पण कोणता निर्णय का घेतला हे शिकणाऱ्याच्या हाती लागत नाही. घरी तोच प्रसंग आला की हात थांबतो. दाखवायचंच असेल तर मार्ग आहेत. चित्रावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ठेवून त्यावर दुरुस्ती करता येते. समासात किंवा वेगळ्या तुकड्यावर तोच भाग करून दाखवता येतो. शेजारी स्वतःचं कॅनव्हास लावून त्याच वस्तूवर वीस मिनिटांचा डेमो देता येतो, आणि तो तर उत्तमच. ब्रशवरचा दाब किंवा रंगाची जाडी हातानंच समजवावी लागते, तेवढाच अपवाद. शिक्षकांच्या खोलीत विद्यार्थ्यांची कामं लावलेली असतील तर नीट पाहा. सगळ्यांची आभाळं सारखीच दिसत असतील, झाडांचे फटकारे एकाच मनगटातून आल्यासारखे वाटत असतील, तर तिथे कोण रंगवतंय हे उघड आहे.

फोटोवरून नक्कल हाही तसाच शॉर्टकट. कॅमेरा खोल सावल्या काळ्या करतो, प्रखर उजेड पांढराफटक करतो आणि सगळ्या कडा सारख्याच तीक्ष्ण ठेवतो. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. हे दोष ओळखता येण्याइतकी नजर तयार झाल्यावर फोटो खुशाल वापरावा. सुरुवातीचे महिने मात्र समोर प्रत्यक्ष वस्तू हवी.

चाचणीची एक बैठक घेतल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका. जाताना आपली तीन-चार कामं न्या आणि त्यांत फसलेली जरूर ठेवा. शिक्षकांचं पहिलं वाक्य काय येतं ते ऐका. ते चित्र भिंतीशी टेकवून लांबून पाहतात का, उजेड कुठून होता असं विचारतात का, सगळ्या कामांत सारखीच येणारी चूक पकडतात का? मग वीस मिनिटं त्यांच्यासमोर रेखाटा. या वेळात ते तुमच्या मागे उभे राहून वस्तू आणि चित्र दोन्ही तुमच्या जागेवरून पाहत असतील, तुम्हाला मधून मधून उठवून मागे सरायला लावत असतील, तर चिन्हं चांगली. फोनवर बोटं फिरत असतील तर आभार मानून निघा. स्वतःचं काम दाखवायला कचरणारे शिक्षकही टाळावेत, आणि फक्त स्वतःचंच काम दाखवत राहणारेही.

जागा बघून घ्या. दिवा साधारण ५००० केल्विनचा आणि रंगदर्शकतेचा निर्देशांक (सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० च्या वर असलेला हवा, आणि पॅलेटवर व कॅनव्हासवर सारखाच उजेड पडायला हवा. पिवळ्या बल्बखाली पांढरा आणि फिका पिवळा यांतला फरक जवळजवळ दिसत नाही. सकाळी खिडकीपाशी चित्र नेलं की मग तो कळतो. तैलरंग शिकवणाऱ्या खोलीत हवा खेळती हवी. रंग पातळ करण्याचं गंध नसलेलं द्रावक वापरलं तरी त्याची वाफ होतेच. जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्यांची विल्हेवाट कशी लावतात हे मुद्दाम विचारा. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि त्या क्रियेत उष्णता निघते. चिंध्यांचा चुरगळलेला ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. म्हणून अशा चिंध्या झाकणाच्या धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवतात किंवा बाहेर एकेक पसरून वाळवतात. कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत तेलकट चिंध्या कोंबलेल्या दिसल्या तर तिथे शिकू नये, शिक्षक कितीही नामवंत असोत.

त्याच तेलाचा दुसरा धडा म्हणजे थरांचा क्रम. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. उलटं झालं तर वरचा आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि वर भेगा पडतात. पहिल्याच थरात तेल ओतायला सांगणारे शिक्षक हे तंत्र स्वतः नीट शिकलेले नसतात.

बैठक किती वेळाची? तैलरंगाला दोन तासांपेक्षा कमी घेऊ नका. मांडामांड आणि साफसफाई यांतच अर्धा तास जातो, त्यामुळे एका तासाच्या बैठकीत हातात काही उरत नाही. जलरंगाला दीड तास पुरतो. थरांवर थर देत काम करायचं असेल तर आठवड्याची फट सोयीची पडते. अंबर या तपकिरी रंगाचा थर एक-दोन दिवसांत हाताला कोरडा लागतो, कारण त्यातलं मँगनीज वाळण्याचा वेग वाढवतं. कॅडमियमचे रंग आणि आयव्हरी ब्लॅक मात्र रेंगाळतात. शिक्षकांसोबतच्या दर तासामागे घरी तीन तास तरी हवेत. तेवढा वेळ निघत नसेल तर पंधरवड्यातून एकदा जा. गृहपाठ नेमका असावा: काडेपेटीएवढ्या पाच चौकटी, फक्त तीन टोन, प्रत्येकीला दहा मिनिटं. 'घरी काहीतरी रंगवून आणा' हा गृहपाठ नव्हे.

ऑनलाइन शिकवणी रेखाटन आणि टोन यांसाठी बऱ्यापैकी चालते. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक केलं नाही तर हात मध्ये आला की रंग बदलतो आणि शिक्षक भलत्याच रंगावर मत देतात. चौकटीत एक राखाडी कार्ड ठेवा, म्हणजे रंग सरकला की ते लगेच कळेल. रंगाची जाडी आणि कागदाचा ओलावा पडद्यावर समजत नाही.

एकट्यानं शिकण्यात एक तोटा आहे. गटात दुसऱ्याच्या इझलसमोर उभं राहिलं की आपलीच चूक त्याच्या कागदावर लख्ख दिसते. ते इथे घडत नाही. समोर बसवलेल्या मॉडेलचा खर्चही एकट्यावर पडतो. म्हणून व्यक्तिचित्रणासाठी आम्ही जोड सुचवू: रेखाटनाचा सराव गटात, आणि महिन्यातून दोन बैठका खासगी.

पैसे चार-चार बैठकांचेच द्या, वर्षाचे एकदम नकोत. रद्द झालेल्या तासाचं काय, रंग-कागद कुणाचे, हे आधी लिहून घ्या. साधारण बारा बैठकांनंतर पहिल्या दिवशीची मांडणी पुन्हा लावायला सांगा, तोच दिवा, तेवढाच वेळ, आणि शिक्षकांनी खोलीबाहेर थांबायचं. दोन्ही कागद शेजारी ठेवा. हात सफाईदार झालाय पण प्रमाणाच्या आणि टोनच्या चुका त्याच आहेत, असं दिसलं तर शिक्षक बदला. चुका बदलल्या असतील, म्हणजे आता कडांच्या आणि तीव्रतेच्या चुका होत असतील, तर तिथेच राहा. काही काळानं उत्तम शिक्षक स्वतःच बैठकांमधलं अंतर वाढवायला सांगतात. मग महिन्या-दोन महिन्यांनी घरी पूर्ण केलेली तीन-चार चित्रं घेऊन जायचं आणि तासभर फक्त त्यांवर बोलायचं. त्या तासात ब्रश पिशवीतून काढायचीही गरज नसते.